बेदाण्याच्या प्रत्येक रीलला वीस-वीस टॅग लावून उपयोग होतो का?

शेडवरची वहिनी, तासगाव तालुका

नमस्कार. आमची तासगाव तालुक्यात तीन एकर द्राक्षबाग आहे. गेली काही वर्षे आम्ही द्राक्षे जागेवर व्यापाऱ्याला न देता त्यांचा बेदाणा करतो. त्यातला बहुतेक माल १५ किलोच्या बॉक्समध्ये भरून कोल्ड स्टोरेजला जातो आणि तिथून सौद्याला निघतो. थोडासाच माल अर्धा आणि एक किलोच्या पाकिटांत भरून आम्ही थेट गिऱ्हाइकांना पाठवतो. ही थेट विक्री वाढावी म्हणून गेल्या फेब्रुवारीपासून मी इन्स्टाग्रामवर रील टाकू लागले. चित्रीकरण माझे, बोलणे माझे, आणि रील चढवण्याचे काम सांगलीला कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या पुतण्याचे, अशी आमची वाटणी आहे.

अडचण पुतण्याच्या पद्धतीची आहे. त्याने मोबाइलमध्ये चाळीस जणांची एक यादीच करून ठेवली आहे. तीत सांगली, सातारा, कोल्हापूर या शहरांची पेजेस आहेत, पुण्यातले खाण्यापिण्यावर व्हिडिओ करणारे आहेत, शेतीच्या बातम्या देणारे आहेत आणि, का कोण जाणे, दोन सिनेकलावंत व एक क्रिकेटपटूही आहेत. एका रीलला वीसच जणांना टॅग करता येते म्हणून तो वीस टॅग लावतो आणि यादीतली उरलेली नावे कॅप्शनमध्ये ॲटचे चिन्ह लावून लिहितो. रील बारा सेकंदांची आणि तिच्याखालची नावांची रांग मात्र सौद्याच्या दिवशी मार्केट यार्डाबाहेर लागणाऱ्या टेम्पोंएवढी, असे आता झाले आहे.

सुरुवातीच्या एका रीलला याचा फायदा झाला, हे मी नाकारत नाही. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या पाण्यात द्राक्षांचा क्रेट बुडवून वर उचलला की घडांवरून दुधासारखे पांढरे पाणी निथळत राहते, एवढेच तीत होते. सांगलीच्या एका पेजने ती स्वतःच्या स्टोरीला लावली आणि त्या दिवशी माझा मोबाइल संध्याकाळपर्यंत वाजत राहिला. त्यानंतरच्या सतरा रीलना वीस-वीस टॅग लावूनही तसे पुन्हा घडलेले नाही. उलट मागच्या आठवड्यात एका पेजच्या ॲडमिनने "ताई, आमचा आपल्या बेदाण्याशी काही संबंध नाही, कृपया टॅग करू नका" असा निरोप पाठवला, आणि तो माझ्या वाचनात येण्याआधीच पुतण्याने पुढची रील त्याच यादीसह चढवली, तेव्हा त्यांनी आम्हाला ब्लॉक केले. मला त्याची फार लाज वाटली. आमचे मिस्टर म्हणाले, "ज्यांच्याशी बोलणेचालणे नाही त्यांच्या उंबऱ्यावर रोज अक्षता ठेवून आल्या, म्हणून ते काय लग्नाला येणार आहेत?" पुतण्याचे म्हणणे मात्र असे, की टॅग केला की आपली रील त्या पेजच्या सगळ्या फॉलोअरना दिसते आणि मोठे लोक असेच मोठे झाले.

या दोघांपैकी बरोबर कोण, टॅग करायचेच झाले तर कोणाला करावे, आणि एका पेजने ब्लॉक केल्यामुळे आमच्या खात्याची पत सगळीकडेच उतरते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. पुढच्या हंगामाचे डिपिंग सुरू होण्यापूर्वी याचा निकाल लागलेला बरा.

कॅमेरावाला, कराड

वहिनी, नमस्कार. पुतण्याची माहिती चुकीची आहे, पण त्याचा अनुभव खोटा नाही, म्हणून आधी माहितीची बाजू निस्तरतो. रीलमध्ये एखाद्याला टॅग केले, की त्या खात्याला सूचना जाते आणि त्याने मुभा ठेवली असेल तर आपली रील त्याच्या प्रोफाइलवरच्या टॅग केलेल्या पोस्टच्या वेगळ्या कप्प्यात दिसते. त्या कप्प्यात जाऊन पाहणारी माणसे किती असतात, हे आपण स्वतः शेवटचे तिथे कधी गेलो होतो ते आठवले की कळेल. कॅप्शनमध्ये नाव लिहिले तर तेवढेही होत नाही. सूचना जाते आणि नावावर बोट ठेवले तर ते खाते उघडते, इतकेच. ज्या खात्याला टॅग केले त्याच्या फॉलोअरच्या फीडमध्ये आपली रील आपोआप जाऊन बसत नाही. पुतण्या ज्याला टॅग समजतो आहे ते काम कोलॅबचे आहे. २०२१ मध्ये आलेल्या या सोयीत आपण दुसऱ्या खात्याला आमंत्रण पाठवायचे. त्याने ते स्वीकारले तर एकच रील दोघांच्या नावाने, दोघांच्या प्रोफाइलवर आणि दोघांच्या फॉलोअरपुढे जाते, आणि लाइक व कमेंट्सही सामाईक राहतात. यात स्वीकारण्याला सगळे महत्त्व आहे. टॅग आपल्या मर्जीने होतो, कोलॅब समोरच्याच्या मर्जीने.

आता अनुभवाचे. मी कराड, पाटण, विटा या भागात लग्नाचे चित्रीकरण करतो आणि माझ्या धंद्यात टॅग उत्तम चालतो, इतका की तो नसता तर मला निम्मी कामे मिळाली नसती. मात्र आमच्या एका रीलला सात-आठच टॅग असतात आणि ते सगळे रीलमध्ये दिसणाऱ्यांचे असतात: नवरा-नवरी, मेकअप करणारी, मेंदीवाली, मांडव सजवणारा, नऊवारी शिवणारी आणि कार्यालय. दोन वर्षांपूर्वीच्या एका रीलमध्ये नवरीच्या नऊवारीचा काष्टा आणि त्यावरच्या निऱ्या चार सेकंद जवळून दिसत होत्या. ती शिवणाऱ्या ताईंनी ती रील त्याच रात्री स्टोरीला लावली, त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकांनी ती बहिणींना पाठवली, आणि पुढच्या लग्नसराईतली माझी दोन कामे त्यातूनच आली. त्याच रीलमध्ये हलगीवाल्यांनाही टॅग होता. त्यांनी साधे लाइकही केले नाही. मला तेव्हा वाईट वाटले होते. नंतर लक्षात आले, की आम्ही मूळ आवाज काढून त्या आठवड्यातले चलतीचे गाणे लावले होते. ज्या रीलमध्ये हलगीच ऐकू येत नाही ती हलगीवाल्याने का मिरवावी?

म्हणून माझा प्रश्न आपल्याला असा आहे, की आपल्या रीलमध्ये कोण कोण दिसते? क्रिकेटपटू दिसत नसणार, हे मी धरून चाललो आहे.

पेजचा ॲडमिन, सातारा

मी पलीकडच्या बाजूने लिहितो, कारण आपल्याला ब्लॉक करणाऱ्या माणसासारखाच मी एक आहे. आम्ही तीन मित्र साताऱ्याविषयीचे एक पेज हौसेने चालवतो आणि दिवसभर आपापली कामे करतो; मी स्वतः औषधांच्या दुकानात उभा असतो. सप्टेंबरात कासच्या पठारावर फुले येऊ लागली, की आम्हाला टॅगांचा असा पाऊस पडतो की ठोसेघरचा धबधबा परवडला. त्यात फुलांच्या रील किती असतात? प्लॉटची विक्री, शिकवण्या, जिम, थाळी, जुन्या मोटारी, सगळे येते. कुठल्याशा कोपऱ्यात अजिंक्यतारा दिसला, की आम्हाला टॅग करण्याचा हक्क प्राप्त झाला असे लोकांना वाटत असावे.

याला कंटाळून आम्ही सेटिंग बदलले. आपल्याला कोणी टॅग करावे, सर्वांनी, आपण ज्यांना फॉलो करतो त्यांनी की कोणीच नाही, हे प्रत्येकाला ठरवता येते. शिवाय आलेला टॅग आपण मंजूर केल्याखेरीज आपल्या प्रोफाइलवर दिसू नये, अशीही व्यवस्था करता येते. आमच्याकडे हीच व्यवस्था आहे. म्हणजे आपल्या पुतण्याला वीस टॅग लागलेले दिसत असले, तरी माझ्यासारख्यांकडे ते मंजुरीच्या रांगेत धूळ खात पडलेले असतात आणि त्यांतले बहुतेक मी उघडतही नाही. मी काय उघडतो? ओळखीचे नाव उघडतो. ज्यात सातारा खरोखर आहे ते उघडतो. आणि ज्याने आधी निरोप पाठवून विचारले आहे, ते तर नक्कीच उघडतो, कारण विचारणारे फार थोडे असतात.

एक उदाहरण देतो. मोती चौकाच्या बाजूला कंदी पेढे करणाऱ्या घरातल्या एका मुलाने आम्हाला गेल्या वर्षी दोन ओळींचा निरोप पाठवला होता, की पहाटे पाचला खवा भाजतानाचे चित्रीकरण केले आहे, आपण कोलॅब स्वीकाराल का, आणि न स्वीकारल्यास तसे सांगावे म्हणजे मी एकट्याने टाकतो. त्याच्या रीलमध्ये निवेदन नव्हते, गाणेही नव्हते. कढईत खवा परतत होता, उलथण्याचा खरडण्याचा आवाज येत होता, पांढरा खवा हळूहळू बदामी होत होता आणि शेवटी एका म्हाताऱ्या हाताने पहिला पेढा वळून अंगठ्याने दाबला. आम्ही दहा मिनिटांत आमंत्रण स्वीकारले. पुण्या-मुंबईला राहणारे सातारकर ती रील एकमेकांना पाठवत सुटले आणि आठवडाभर तिच्याखाली आमच्या गावच्या पहाटेवर गप्पा चालू होत्या.

"पाठवत सुटले" हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये रील कोणापुढे न्यायची हे ठरवताना सर्वांत महत्त्वाच्या तीन गोष्टी सांगितल्या होत्या: लोक किती वेळ पाहतात, पाहणाऱ्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात. आपल्याला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत पोचायचे असेल तर पाठवण्याला अधिक वजन आहे, असेही त्यांनीच सांगितले आहे. त्या तिन्हींत टॅगची संख्या कुठेही नाही. टॅगने फार तर एक दार वाजते. आत जाऊन बसायचे ते रीलने स्वतःच्या बळावर. आपल्या डिपिंगच्या रीलचे तसेच झाले असावे. ती पाहणाऱ्या ॲडमिनला दुधासारखे निथळणारे पाणी आवडले म्हणून त्याने ती स्टोरीला लावली, आणि ते एकोणीस इतर टॅग तिथे नसते तरी त्याने ती लावलीच असती.

ब्लॉकविषयी आपण विचारले आहे. एखाद्याने ब्लॉक केले की त्याच्यापुरते दार बंद होते. आपल्याला तो दिसत नाही आणि त्याला टॅगही करता येत नाही. एका ब्लॉकने खाते बुडत नाही, तेव्हा आपण झोप उडवून घेऊ नये. मात्र ज्यांनी संमती दिलेली नाही अशांशी व्यापारी कामासाठी पुन्हा पुन्हा संपर्क करणे हे इन्स्टाग्रामच्या नियमावलीतच निषिद्ध आहे, आणि चाळीस जणांना प्रत्येक रीलला टॅग करणे त्याच्या फार जवळ जाते. ब्लॉक करणारा निदान गप्प बसतो. तक्रार नोंदवणारा तसा बसत नाही.

आता आमच्याच बाजूचे एक पाप सांगून टाकतो. पूर्वी आमच्यासारखी पेजेस लोकांच्या रील उतरवून घेत, कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारत आणि "साभार" असे बारीक अक्षरात लिहून मोकळी होत. आम्हीही ते केले आहे. एप्रिल २०२४ अखेर इन्स्टाग्रामने जाहीर केले, की दुसऱ्याचा मजकूर जसाच्या तसा उचलून टाकणाऱ्या खात्यांना शिफारशीतून, म्हणजे फॉलो न करणाऱ्यांना दाखवायच्या मजकुरातून, वगळले जाईल. ३० दिवसांत १० किंवा अधिक वेळा असे करणाऱ्यांवर ही वेळ येते, आणि एकसारख्या दोन रील सापडल्या तर शिफारशीत मूळ रील पुढे केली जाते. तेव्हापासून उचलेगिरी आम्हाला परवडत नाही आणि कोलॅब परवडतो. आम्हालाही रोज काहीतरी दाखवायचे असतेच, हे आपण लक्षात घ्यावे. ज्याच्याकडे बेदाण्याच्या शेडसारखी जागा आहे त्याने आमच्यापुढे याचक म्हणून येण्याचे कारण नाही. मात्र तासगावचा बेदाणा साताऱ्याच्या पेजला पाठवू नका. आमचे लोक लगेच विचारतील, की माण-खटावच्या द्राक्षांनी काय घोडे मारले आहे.

तंबोऱ्याच्या गल्लीतला, मिरज

मला हे सगळे पटत नाही. मी स्वतः कॉलेजात आहे आणि आमच्या गल्लीत तंबोरे आणि सतारी करणाऱ्या एका कारखान्याचे खाते मी सांभाळतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा कापण्यापासून तारा चढवण्यापर्यंतची एक रील मी टाकली आणि तीत सहा नामवंत गायकांना टॅग केले. त्यांपैकी एका गायिकेने ती स्वतःच्या स्टोरीला लावली आणि आमचे फॉलोअर एका रात्रीत दुप्पट झाले. टॅग केला नसता तर त्यांना ती रील दिसली तरी असती का? नशीब आजमावण्यासाठी पैसे पडत नाहीत, मग टॅग का करू नये?

पेजचा ॲडमिन, सातारा

आपले अभिनंदन. एक विचारू का? त्या गायिकेचा आपल्या कारखान्याशी आधी काही संबंध होता का?

तंबोऱ्याच्या गल्लीतला, मिरज

होता. त्यांच्या तंबोऱ्याची जवारी आमच्याकडेच काढलेली आहे. उरलेल्या पाच जणांचा संबंध नव्हता आणि त्यांनी काही केले नाही, हेही खरे आहे. मुद्दा लक्षात आला.

ग्राहक चळवळीतला, सांगली

टॅगाविषयी मला वरच्यांपेक्षा अधिक कळत नाही, परंतु पैशाचा विषय अजून कोणी काढलेला नाही म्हणून लिहितो. काही पेजेस कोलॅब स्वीकारण्यासाठी पैसे मागतात, काही माल मागतात. ते देणे बेकायदा नाही. मात्र ते लपवणे चालत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २० जानेवारी २०२३ रोजी समाजमाध्यमांवर जाहिरात करणाऱ्यांसाठी सूचना काढल्या आहेत. त्यांनुसार पैसे, फुकट मिळालेली वस्तू, सवलत किंवा नातेसंबंध असा कोणताही व्यवहार मागे असेल, तर ती जाहिरात असल्याचे सोप्या भाषेत आणि सहज दिसेल असे सांगावे लागते. व्हिडिओ असेल तर केवळ खालच्या मजकुरात सांगून भागत नाही, व्हिडिओतही ते यावे लागते. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्धा किलो बेदाण्याचे पाकीट फुकट पाठवून "ताईंचा बेदाणा खाऊन पाहिला, अप्रतिम" असे एखाद्याकडून म्हणवून घेतले, तर तोही असाच व्यवहार झाला, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

बक्षिसाच्या रीलविषयीही एक सूचना करतो. "कमेंटमध्ये तीन मैत्रिणींना टॅग करा आणि एक किलो बेदाणा जिंका" असा प्रकार सध्या फार चालतो. मैत्रिणीने मैत्रिणीला स्वतःहून बोलावले तर त्यात वावगे काही नाही, परंतु जे फोटोत किंवा व्हिडिओत नाहीत त्यांना त्यात टॅग करायला लोकांना उद्युक्त करू नये, असे इन्स्टाग्रामच्या स्पर्धांविषयीच्या नियमांतच लिहिले आहे. वहिनींच्या वीस टॅगांनाही खरे तर हेच लागू पडावे, असे माझे मत आहे.

आणि विषय टॅगचाच चालला आहे तर आणखी एका टॅगविषयी. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, ज्याला लोक जीआय टॅग म्हणतात. आपला बेदाणा तासगावचा आहे म्हणून मानांकनाचे चिन्ह आपोआप पाकिटावर किंवा रीलवर लावता येत नाही. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंदणी करावी लागते. ती केली नसेल तर करून घ्या. पाकिटावर अन्न परवान्याचा क्रमांक असेलच, असे मी धरून चालतो.

कॅमेरावाला, कराड

शेवटच्या वाक्यावर वहिनींनी दीर्घ श्वास घेतला असेल, तर मी त्यांच्या बाजूने आहे. लग्नाच्या धंद्यात निदान असले क्रमांक नसतात.

एक राहिले होते. रील टाकून झाल्यावरही टॅग काढता येतात. संपादनात जाऊन ते उतरवावेत. जुन्या रील पुसून टाकण्याची गरज नाही. आणि रीलला ठिकाणाचे नाव द्यायला विसरू नका. वीस अनोळखी खात्यांपेक्षा "तासगाव" हा एक शब्द मला अधिक कामाचा वाटतो, कारण तो निदान खरा आहे.

शेडवरची वहिनी, तासगाव तालुका

सर्वांचे मनापासून आभार. अन्न परवाना आहे, क्रमांकही पाकिटावर छापलेला आहे. मानांकनाची नोंदणी नाही. त्याची चौकशी मिस्टरांनी सोमवारी सुरू केली. अक्षतांचे उदाहरण आपण कोणी खोडून काढले नाही, म्हणून ते सध्या घरात जरा ताठ मानेने वावरत आहेत.

पुतण्याला हे सगळे वाचायला दिले. तो आधी रागावला, मग तंबोऱ्यावाल्या मुलाचे उत्तर वाचून हसला, आणि रात्री बसून त्याने अठराही रीलवरचे टॅग उतरवले. डिपिंगच्या रीलवर मात्र त्याने एक ठेवला, स्टोरीला लावणाऱ्या पेजचा, आणि तो ठेवण्यापूर्वी त्यांना विचारले. त्यांचे उत्तर आले, की पुढच्या वेळी डिपिंगच्या आदल्या दिवशी कळवा, आम्हीच कोणाला तरी कॅमेरा देऊन पाठवतो. ज्यांनी ब्लॉक केले त्यांची क्षमा मागायची होती, पण ब्लॉक असल्यामुळे निरोप पाठवता येत नाही. पुतण्या दुसऱ्या खात्यावरून पाठवू म्हणाला. मी नको म्हटले.

मग कराडच्या दादांनी विचारलेला प्रश्न घेऊन आम्ही दोघांनी आमच्या सगळ्या रील पुन्हा एकदा पाहिल्या. त्यांत दिसतात कोण? डिपिंगच्या टाकीपाशी उभी राहणारी टोळी दिसते. रॅकवर द्राक्षे पसरणाऱ्या बायका दिसतात. प्रतवारी करताना बोटांनी काळा बेदाणा बाजूला टिपणाऱ्या आमच्या सासूबाई दिसतात, फक्त त्यांचे हात. यांतल्या एकाचेही नाव पुतण्याच्या चाळीस जणांच्या यादीत नव्हते. सासूबाईंचे खाते नाही, पण टोळीच्या मुकादमाच्या मुलीचे आहे, आणि तिचे फॉलोअर माझ्यापेक्षा जास्त निघाले. ती शेडवर काम करताना मधल्या सुट्टीत स्वतःच्या रील काढते आणि त्यांत आमचेच रॅक मागे दिसतात, हे मला सहा महिन्यांत माहीत नव्हते.

तिला विचारले, की द्राक्षे रॅकवर पसरल्यापासून पंधराव्या दिवशी रॅक झाडतानाची रील तुझ्या-माझ्या नावाने कोलॅब करून टाकायची का. जाळी हलवली की वरच्या मजल्यापासून बेदाणा खाली कापडावर पडत येतो आणि पत्र्यावर वळवाचे थेंब वाजावेत तसा आवाज होतो. गाणे लावायचे नाही, हा आवाजच ठेवायचा, हे आमच्या दोघींचे ठरले. ती तयार झाली, मात्र तिने दोन अटी घातल्या. तिच्या टोळीतल्या दोन बायकांना चेहरा दाखवायचा नाही, तेव्हा त्या दिसणार नाहीत अशा बाजूने चित्रीकरण करायचे, आणि रीलमध्ये तिचे नाव माझ्या आधी यायला हवे. कोलॅब करताना ज्याच्या खात्यावरून रील चढते त्याचे नाव आधी येते, असे पुतण्या म्हणतो. म्हणजे रील तिच्या मोबाइलवरून चढवावी लागेल आणि आमंत्रण मला स्वीकारावे लागेल. ते कुठे दिसते आणि कुठे दाबायचे, तेवढे कोणी सांगेल का? पुतण्याची परीक्षा सुरू झाली आहे.

पेजचा ॲडमिन, सातारा

वहिनी, आमंत्रण आले की आपल्याला सूचना येईल आणि निरोपांच्या जागीही ते दिसू शकेल. त्यावर बोट ठेवले की ती रील उघडेल आणि तिथे आमंत्रण पाहण्याचा पर्याय असेल. तो उघडून स्वीकारा म्हणजे झाले. एक मात्र आधीच जाणून असा, की रील ज्याच्या खात्यावरून चढली त्याने ती पुसली तर ती दोघांच्याही प्रोफाइलवरून जाते. त्यामुळे मूळ चित्रीकरण आपल्या मोबाइलमध्ये जपून ठेवा.